महिला महाविद्यालयातील विद्यार्थिनी-जीवन, महाराष्ट्रातील

केवळ स्त्रियांसाठी चालविलेल्या उच्च शिक्षणसंस्थांतील अध्ययन, वसतिगृह व सामूहिक जीवन यांचा इतिहास. महाराष्ट्रात या इतिहासाचा प्रारंभ पुण्याजवळील हिंगणे येथे १९१६ मध्ये निघालेल्या महिला पाठशाळेपासून होतो. संस्थापक, देणग्या, इमारती आणि अधिनियम यांच्या आधारे हा इतिहास सामान्यतः सांगितला जातो. तथापि या संस्थांत शिकलेल्या मुलींच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात दोन प्रश्न सातत्याने आढळतात : स्त्रियांनी पुरुषांचाच अभ्यासक्रम शिकावा की वेगळा शिकावा, आणि जी पदवी त्या मिळवितात, तिला बाहेरच्या जगात किंमत कोणती. या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अनेक विद्यार्थिनींचा चरितार्थ व प्रतिष्ठा अवलंबून राहिली.

पूर्वपीठिका : महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या. पुण्यातील हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये स्थापन झाल्यावर मुलींच्या माध्यमिक शिक्षणाची सोय झाली. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. मात्र स्त्रियांसाठी स्वतंत्र महाविद्यालय नसल्याने पदवीची इच्छा धरणाऱ्या मुलीस पुरुषांच्याच महाविद्यालयात जावे लागे. कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली. वर्गाची दारे तोंडावर बंद करून घेण्यापर्यंत सहाध्यायांची मजल जाई, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. त्या उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या. परंतु त्या गुणवत्तेवर मिळू शकणारी इंग्लंडमधील शिक्षणाची शासकीय शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारण्यात आली. प्रवेशाचा अधिकार मिळाला तरी तेवढ्याने समान वागणूक मिळत नाही, हा अनुभव पुढील दोन पिढ्यांतील विद्यार्थिनींनाही कमीअधिक प्रमाणात आला. प्राध्यापक वर्गात शिरत असता त्यांच्या मागोमाग यावयाचे, पुढच्या बाकावर बसावयाचे आणि तास संपताच त्यांच्याबरोबरच बाहेर पडावयाचे, ही रीत अनेक महाविद्यालयांत दीर्घकाळ चालू होती.

अशा एकट्यादुकट्या विद्यार्थिनीच्या पाठीशी बहुधा सुधारक वडील अथवा मिशनरी संस्था असे. मध्यम स्थितीतील घरांतील मुली, विशेषतः बालविधवा, यांपैकी कशाचाही आधार घेऊ शकत नव्हत्या. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले व ते पुढे पुण्यास नेले. गोदूबाई ही सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी होती. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९३ मध्ये तिच्याशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरूड या आपल्या गावी कर्वे यांना बहिष्कार सोसावा लागला.

हिंगण्याचे आश्रमजीवन : कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. प्लेगच्या साथीमुळे १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगणे येथे हलविण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सुमारे सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी रक्कम दिली. कर्वे त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. शहरातील काम आटोपून ते रोज पायी हिंगण्यास जात व तेथील मुलींना शिकवीत. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असे.

आश्रमातील जीवन कष्टाचे होते. स्वयंपाक, दळण, झाडलोट व आजाऱ्यांची शुश्रूषा ही कामे मुली पाळीपाळीने करीत. अध्ययन व श्रम यांची ही सांगड काही अंशी तत्त्वाने व बऱ्याच अंशी द्रव्याच्या अभावी घातली गेली होती. आश्रमातील मुलींच्या पालकांची मने बिथरू नयेत म्हणून कर्वे यांनी प्रारंभी आपला संसार आश्रमापासून दूर ठेवला. पुनर्विवाहित असल्यामुळे खुद्द संस्थापकांच्या पत्नीला आश्रमाच्या व्यवहारात मोकळेपणाने वावरता येत नसे. आनंदीबाईंनी माझे पुराण या आत्मचरित्रात या काळातील आपली कुचंबणा स्पष्टपणे सांगितली आहे. त्यांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) मोठ्या वयात शिकल्या, आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या व वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. इंग्रजी शिकण्याच्या उद्देशाने त्या १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि घरकाम करून तेथे राहिल्या. त्यांचे माझी कहाणी हे आत्मचरित्र (१९२८) या पिढीच्या जिद्दीचा महत्त्वाचा पुरावा होय.

आश्रमाचे दार सर्वांस सारखे उघडे नव्हते. वरिष्ठ जातींतील, प्रामुख्याने ब्राह्मण, विधवांसाठी तो निघाला होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) यांनी आपल्या बहिणीस तेथे प्रवेश मिळावा म्हणून प्रयत्न केला. तथापि ती ब्राह्मण नसल्याने तो सफल झाला नाही, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे तिची सोय हुजूरपागेत झाली. आश्रयदात्यांचा रोष ओढवून आश्रमच बंद पडेल, ही भीती कर्वे यांना वाटत होती. परंतु त्या सावधगिरीची किंमत ज्या मुलींनी दिली, त्यांचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पूर्ण होत नाही. जातिभेद नष्ट करण्याच्या हेतूने कर्वे यांनी पुढे १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला.

विधवांखेरीज इतर मुलींच्याही शिक्षणाची सोय व्हावी, म्हणून १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. विधवांच्या सहवासात कुमारिकांना ठेवण्यास अनेक पालक तयार नसत. त्यामुळे हे विद्यालय प्रारंभी पुण्यातच चालविण्यात आले व काही वर्षांनी हिंगण्यास नेण्यात आले. विधवा, कुमारिका व सधवा एकाच छपराखाली राहून शिकत आहेत, ही त्या काळच्या महाराष्ट्रात नवी गोष्ट होती.

महिला पाठशाळा व अभ्यासक्रम : बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी पाठविलेली जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका कर्वे यांच्या वाचनात आली. जिंझो नारुसे यांनी टोकिओ येथे १९०१ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेत मातृभाषेतून व स्त्रियांच्या गरजा लक्षात घेऊन उच्च शिक्षण दिले जाई. मुंबई येथे डिसेंबर १९१५ मध्ये भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्वे यांनी याच धर्तीच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. त्यानुसार जून १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ अस्तित्वात आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती व रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू झाले. जुलै १९१६ मध्ये विद्यापीठाचे पहिले महाविद्यालय, महिला पाठशाळा, हिंगणे येथे उघडले. प्रारंभी तेथे केवळ पाच विद्यार्थिनी होत्या.

अभ्यासक्रमाची तीन वैशिष्ट्ये होती. एक, शिक्षणाचे व परीक्षेचे माध्यम मातृभाषा असे. इंग्रजी हा विषय मात्र आवश्यक होता. मातृभाषेच्या माध्यमाचे महात्मा गांधी यांनी स्वागत केले; परंतु इंग्रजी आवश्यक ठेवू नये, असे त्यांचे मत होते. दोन, गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र व मानसशास्त्र यांना अभ्यासक्रमात महत्त्वाचे स्थान होते. ललितकला निवडता येत असत. गणिताची सक्ती नव्हती. तीन, प्रवेश परीक्षेनंतरचा पदवीचा अभ्यास तीन वर्षांचा असे, तर मुंबई विद्यापीठात मॅट्रिकनंतर त्यास चार वर्षे लागत. पदवीस ‘गृहीतागमा’ (जी. ए.) व पदव्युत्तर पदवीस ‘प्रदेयागमा’ (पी. ए.) अशी नावे देण्यात आली. घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याचीही मुभा होती. विवाहानंतर घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रियांना या मुभेचा मोठा उपयोग झाला.

या योजनेचे लाभ विद्यार्थिनींच्या प्रत्यक्ष अनुभवास आले. मोठ्या वयात धुळाक्षरे गिरविलेल्या स्त्रीस इंग्रजी माध्यमाचा अडसर ओलांडण्यात जी वर्षे घालवावी लागली असती, ती वाचली. इतिहास किंवा मानसशास्त्र यांतील विचार स्वतःच्या भाषेत मांडता येतो, याचा आत्मविश्वास आला. परंतु अडचणीही तितक्याच खऱ्या होत्या. महाविद्यालयीन पातळीची मराठी पाठ्यपुस्तके दुर्मीळ असल्यामुळे ग्रंथ इंग्रजीतून वाचावयाचे, व्याख्यान मराठीतून ऐकावयाचे आणि उत्तरे मराठीतून लिहावयाची, अशी तारेवरची कसरत करावी लागे. पारिभाषिक शब्द अध्यापक व विद्यार्थिनी यांना अनेकदा मिळूनच बनवावे लागत. अध्यापकांची संख्या मर्यादित असल्याने विषयांची निवडही मर्यादित राही, आणि प्रयोगशाळेच्या अभावी भौतिक शास्त्रांचे शिक्षण मागे पडले.

पदवीच्या मान्यतेचा प्रश्न : नव्या विद्यापीठास शासनाची सनद नव्हती. त्यामुळे गृहीतागमा पदवी शासकीय नोकरीस अथवा अन्य विद्यापीठांतील पुढील अभ्यासक्रमांस सामान्यतः ग्राह्य धरली जात नसे. याचा परिणाम विद्यार्थिनींच्या निवडीवर झाला. ज्या मुलीस वकिली, वैद्यक वा सरकारी शाळेतील नोकरी यांची आकांक्षा असे, तिने सहशिक्षणाच्या महाविद्यालयातील उपरेपणा पत्करून मुंबई विद्यापीठाची पदवी घ्यावयाची. जिला घरची परवानगी, वसतिगृहाची सुरक्षितता व मातृभाषेची सुलभता हवी असे, तिने मान्यता नसलेली पदवी पत्करावयाची. बऱ्याच जणींच्या बाबतीत ही निवड त्यांची स्वतःची नसून पालकांची असे. गृहीतागमा झालेल्या स्त्रियांना प्रामुख्याने याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कन्याशाळांत शिक्षिकेचे काम मिळे. त्या शाळांतून पुन्हा याच विद्यापीठाकडे मुली येत. या वर्तुळामुळे संस्था टिकली व वाढली. पण पदवीधर स्त्रीचे कार्यक्षेत्र मात्र त्याच वर्तुळापुरते आखले गेले.

उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जपानच्या प्रवासात तेथील महिला विद्यापीठ पाहिले आणि १९२० मध्ये १५ लाख रुपयांच्या देणगीची घोषणा केली. त्यांच्या मातुःश्रींचे नाव विद्यापीठास देण्यात येऊन ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी (एस. एन. डी. टी.) महिला विद्यापीठ झाले. देणगीपोटी प्रतिवर्षी ५२,५०० रुपये मिळू लागल्याने संस्थेची चणचण कमी झाली. पुण्यातील पाठशाळेचे कार्य पुढे एरंडवणे येथील विस्तृत आवारात चालू लागले. मुंबई व गुजरात येथेही महाविद्यालये निघाली आणि तेथे गुजराती माध्यमाचा अवलंब झाला. विद्यापीठाचे मुख्य कार्यालय १९३६ मध्ये मुंबईस गेले. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–७०) या १९३१ ते १९३६ या काळात विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. तथापि पैशाने मान्यतेचा प्रश्न सुटला नाही. मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये विद्यापीठाचा अधिनियम संमत केला व १९५१ पासून त्यास संविधिक दर्जा लाभला. लेडी प्रेमलीला ठाकरसी या त्यानंतरच्या पहिल्या कुलगुरू होत. म्हणजे १९१६ पासून सुमारे पस्तीस वर्षांतील विद्यार्थिनींनी राज्यमान्यता नसलेली पदवी घेतली.

ही स्थिती केवळ भारतातच होती, असे नाही. केंब्रिजमधील गर्टन महाविद्यालय १८६९ मध्ये निघाले. परंतु केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ मध्येच प्रारंभ केला. ऑक्सफर्डने ती १९२० पासून दिली. दोन ठिकाणच्या स्थितीत फरक मात्र होता. केंब्रिजच्या विद्यार्थिनी पुरुषांचाच अभ्यासक्रम पुऱ्या करीत आणि त्यांना पदवी नाकारली जाई. पुण्याच्या विद्यार्थिनींना पदवी मिळे. पण ती वेगळ्या अभ्यासक्रमाची असल्याने कमी प्रतीची लेखली जाई. हा समज सर्वस्वी साधार नव्हता. जी. ए. पदवी संपादन केलेल्या कमलाबाई देशपांडे यांनी प्राग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. प्राचीन भारतातील बालजीवन हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांच्या त्या कन्या. त्यांच्या स्मरणसाखळी या पुस्तकात त्या काळातील सुशिक्षित स्त्रीच्या जीवनाचे दर्शन घडते.

शिक्षणोत्तर जीवन व साहित्यातील पडसाद : हिंगण्याच्या वसतिगृहात वाढलेल्या आणि याच विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या बाळूताई खरे, म्हणजेच मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१), यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने १९३३ मध्ये कळ्यांचे निःश्वास हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. शिकल्यामुळे विवाहाचे वय उलटून गेलेल्या, मिळवत्या झाल्यामुळे घराला हव्याशा झालेल्या, परंतु स्वतःच्या संसाराची इच्छा बोलून दाखवू न शकणाऱ्या तरुणींची घुसमट या कथांत प्रथमच उघडपणे आली. पुस्तकाने महाराष्ट्रात खळबळ माजली व टोपणनावाआड कोण आहे याचा शोध घेतला जाऊ लागला. हिंदोळ्यावर (१९३४) या कादंबरीने या वादात भर घातली.

शैक्षणिक इतिहासाच्या दृष्टीने या लेखनाचे मोल निराळे आहे. महिला विद्यापीठाच्या संस्थापकांनी स्त्रीशिक्षणाचे समर्थन उत्तम पत्नी व उत्तम माता घडविण्याच्या भाषेत केले होते. तशी भाषा न वापरता वर्गणी व पालकांची संमती मिळणे त्या काळी कठीण होते. परंतु प्रत्यक्षात शिकून बाहेर पडलेल्या मुलींपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. शिक्षणाने त्यांना विचार व अर्थार्जन यांचे सामर्थ्य दिले. कुटुंबव्यवस्थेने मात्र त्या सामर्थ्यास अनुरूप असे स्थान दिले नाही. ज्या अभ्यासक्रमाचे ध्येय गृहिणी हे होते, त्याच अभ्यासक्रमातून गृहिणीपदाची चिकित्सा करणारी लेखिका निर्माण झाली. अभ्यासक्रम काय ठरवितो आणि विद्यार्थिनी त्यातून काय घेतात, यांत किती अंतर पडू शकते, याचे हे उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर विस्तार : नागपूर येथील लेडी अमृताबाई डागा महिला महाविद्यालय (१९३२) व मुंबई येथील सोफिया महाविद्यालय (१९४०) ही स्वातंत्र्यपूर्व काळातील अन्य महत्त्वाची महिला महाविद्यालये होत. पुण्यातील सेंट मीराज महाविद्यालय १९६२ मध्ये स्थापन झाले. यांपैकी बहुतेक संस्थांनी सर्वसाधारण विद्यापीठांचाच अभ्यासक्रम स्वीकारला. त्यामुळे मान्यतेचा प्रश्न त्यांच्या विद्यार्थिनींपुढे आला नाही. वेगळेपण राहिले ते सहजीवनाचे.

अभ्यासक्रमातील भेदाचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवरही चर्चिला गेला. दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समितीने (१९५८–५९) स्त्रीशिक्षणातील तफावत दूर करण्यावर भर दिला. त्यानंतर हंसाबेन मेहता (१८९७–१९९५) यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमांत लिंगभेदावर आधारलेला फरक असू नये, अशी शिफारस केली. हंसाबेन या १९४६ पासून काही काळ महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) या शिफारशीस पुष्टी दिली. एस. एन. डी. टी. विद्यापीठानेही आपला अभ्यासक्रम कालमानाप्रमाणे पालटला. शुश्रूषा, ग्रंथालयशास्त्र, शिक्षणशास्त्र, तंत्रविद्या इ. शाखा त्यात आल्या. हिंगण्याचा आश्रम ज्या संस्थेत रूपांतर पावला, त्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये हिंगणे, म्हणजे आजचे कर्वेनगर, येथे मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. प्रारंभीच्या पाठशाळेत गणित ऐच्छिक होते आणि प्रयोगशाळा नव्हती, हे ध्यानी घेतल्यास पाऊण शतकात झालेल्या या बदलाची व्याप्ती कळते.

वर्गाबाहेरील जीवन : वार्षिक स्नेहसंमेलन, हस्तलिखित वा मुद्रित अंक, वक्तृत्व व नाट्य स्पर्धा, सहली, क्रीडास्पर्धा हे मराठी महाविद्यालयीन जीवनाचे सर्वपरिचित भाग होत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाल्यावर तिच्या ग्रामीण शिबिरांची त्यांत भर पडली. महिला महाविद्यालयात या सर्व उपक्रमांचे स्वरूप एका बाबतीत भिन्न राहते. नाटकातील राजा व सेवक, अंकाची संपादक, क्रीडासंघाची प्रमुख, हिशेब ठेवणारी, मांडव घालून घेणारी आणि ध्वनिक्षेपक बिघडल्यास तो दुरुस्त करून घेणारी, या सर्व भूमिका मुलींनाच कराव्या लागतात. सहशिक्षणाच्या महाविद्यालयात रांगोळी, स्वागतगीत व पाहुण्यांचे आदरातिथ्य ही कामे बहुधा मुलींकडे जात आणि व्यवस्थेची सूत्रे मुलांकडे राहत. विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ नुसार बंद होण्यापूर्वी त्या काळातील महिला महाविद्यालयांच्या निवडणुकांत उमेदवार, प्रचारक व मतदार सर्व मुलीच असत. सार्वजनिक कामाचा हा सराव अभ्यासक्रमात कोठेही लिहिलेला नसतो. तरीही महिला महाविद्यालयांच्या समर्थनार्थ दिला जाणारा तो सर्वांत बळकट पुरावा होय. फिशपाँडसारख्या थट्टेच्या प्रकारातही येथे टोमण्यांचा धाक कमी व मोकळेपणा अधिक असतो.

दुसऱ्या बाजूने, वसतिगृहाचे नियम हा विद्यार्थिनींच्या तक्रारीचा जुना विषय आहे. सायंकाळी ठराविक वेळेच्या आत परतणे, भेटीस येणाऱ्यांची पालकांनी दिलेली यादी, पत्रे अधीक्षिकेच्या नजरेखालून जाणे, सुटीत घरी जाण्यासाठी लेखी परवानगी, असे निर्बंध अनेक ठिकाणी होते. पालक मुलीस परगावी पाठवीत, ते या निर्बंधांच्या भरवशावरच. त्यामुळे ज्या नियमाने मुलीस कोंडल्यासारखे वाटे, त्याच नियमामुळे ती तेथे येऊ शकलेली असे. मात्र मुलांच्या वसतिगृहांना हे नियम लागू नसल्याने त्यांतील विषमता नव्या पिढीस खटकू लागली. दिल्लीतील विद्यार्थिनींनी २०१५ मध्ये वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध आंदोलन केल्यानंतर हा प्रश्न देशभर चर्चिला गेला. सुरक्षिततेची जबाबदारी विद्यार्थिनीस आत ठेवून नव्हे, तर बाहेरचा परिसर निर्भय करून पार पाडावयाची, ही भूमिका आता अधिक मान्य होऊ लागली आहे.

ग्रामीण विद्यार्थिनी : महिला महाविद्यालये प्रामुख्याने शहरांत निघाली. पुणे शहरापासून फार दूर नसलेल्या मावळ तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. मुंबई–पुणे लोहमार्ग या तालुक्यातून जातो. लोणावळा, कामशेत, वडगाव व तळेगाव ही त्यावरील स्थानके. पुणे–लोणावळा लोकल गाड्या १९७८ मध्ये सुरू झाल्यावर स्थानकालगतच्या गावांतील मुलींना घरी राहून पुण्यात शिकणे शक्य झाले. परंतु कामशेतच्या परिसरातील वडिवळ्यासारख्या आतील गावांतील मुलीपुढे गाडी ही अडचण नसून घर ते स्थानक ही वाट असते. मावळातील पावसाळा जोराचा. भातलावणीचा हंगाम व महाविद्यालयाचे पहिले सत्र एकाच वेळी येतात, आणि लावणीस मुलींचे हात लागतात. सकाळच्या तासासाठी पहाटे निघणे, संध्याकाळची एस. टी. चुकल्यास अंधारात चालणे, यांमुळे पालक बारावीनंतर शिक्षण थांबवितात, हे ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारे चित्र आहे. अशा मुलीच्या दृष्टीने महाविद्यालय केवळ मुलींचे आहे की सहशिक्षणाचे, हा प्रश्न दुय्यम असतो. ते किती अंतरावर आहे, वसतिगृह आहे काय, आणि त्याचा खर्च किती, हे प्रश्न आधी येतात. कर्वे यांनी घरी राहून परीक्षेस बसण्याची जी सोय १९१६ मध्ये केली होती, तिची निकड म्हणूनच शंभर वर्षांनंतरही संपलेली नाही. पत्रद्वारा व मुक्त शिक्षणाच्या रूपाने ती सोय चालू आहे. मात्र अशा शिक्षणात ग्रंथालय, मैत्रिणी, वादविवाद आणि घरकामापासून मिळणारे चार तास यांस विद्यार्थिनी मुकते.

सद्यःस्थिती व मूल्यमापन : केंद्र शासनाच्या उच्च शिक्षणविषयक अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१–२२ मध्ये देशातील सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी स्त्रिया होत्या. नोंदणीचे स्थूल प्रमाण स्त्रियांत २८.५ टक्के व पुरुषांत २८.३ टक्के होते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय घेतला. या परिस्थितीत स्वतंत्र महिला महाविद्यालयांची गरज उरली आहे काय, असा प्रश्न विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर संख्येवरून देता येत नाही. वेगळा अभ्यासक्रम ही कल्पना मागे पडली, ती योग्यच झाले. पदवीच्या मान्यतेसाठी पस्तीस वर्षे थांबलेल्या विद्यार्थिनींचा अनुभव असे दाखवितो, की स्त्रियांसाठी म्हणून निराळे काढलेले मोजमाप समाज नेहमी हलके समजतो. वेगळे आवार ही गोष्ट मात्र त्याहून निराळी आहे. ज्या घरातून मुलीस अन्यथा शिकू दिले जाणार नाही, त्या घरासाठी ते आजही दार उघडते. आणि ज्या मुलीस चारचौघांत बोलण्याची सवय नाही, तिला ते बोलण्यास जागा देते. हिंगण्याच्या पाठशाळेने पहिल्या पाच विद्यार्थिनींना दिलेली पदवी शासनाच्या लेखी पदवी नव्हती. ती घेऊन बाहेर पडलेल्या स्त्रियांनी शाळा चालविल्या, ग्रंथ लिहिले, संशोधन केले व आपल्या विद्यार्थिनींना पुढे पाठविले. त्यांच्या पदवीची किंमत त्यांच्या कार्याने ठरली; अधिनियमाने तिची नोंद नंतर घेतली.